जीटीए सिक्स येईपर्यंत काय खेळू? आधी तो ट्रेलर बंद कर

पत्र आलंय डिचोलीहून. थोडं कापून देते, बाकी शब्द त्याचेच. (जीटीए म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो, शहर, गाड्या नि गुन्हेगारीचा व्हिडिओ गेम; पीएस५ म्हणजे सोनीचं टीव्हीला लावायचं गेमचं यंत्र.)

"ताई, मी २४ वर्षांचा, कुंडईला कंपनीत कामाला. दिवाळीच्या ऑफरमध्ये ईएमआयवर पीएस५ घेतला, डिस्कवाला, फक्त जीटीए सिक्ससाठी. अजून बॉक्सचा वास गेला नव्हता आणि बातमी आली की गेम मे वरून नोव्हेंबर २०२६ ला गेला. आता पीएस५ वर धूळ बसते. दुसरा कुठलाही गेम लावला की अर्ध्या तासात वाटतं हे काय फालतू, आणि परत ट्रेलर बघत बसतो. जीटीए फाइव्ह तीनदा संपवला. आई म्हणते एवढे पैसे घालून शोकेसला ठेवलास का, बहीण म्हणते टीव्ही तरी मोकळा कर. जीटीएसारखा दुसरा एखादा मोठा गेम सांगा जो वर्षभर पुरेल, पण स्वस्तात, ईएमआय चालू आहे. आणि १९ नोव्हेंबरला रजा टाकू का? – वाट बघून कंटाळलेला, डिचोली"

अरे बाबा, तुझ्या पत्रातच तुझा लोच्या लिहिलाय आणि तुला तो दिसला नाही. "जीटीएसारखा मोठा गेम सांगा." तोच तर नको घेऊस! तू जे काही जीटीएसारखं लावशील त्याची तुलना तू जीटीए सिक्सशी करणार, आणि जीटीए सिक्स अजून आलेलाच नाही रे, तो तुझ्या डोक्यात आहे, तिथे त्यात एकही बग नाही, एकही बोअर मिशन नाही, गाडी कधी खांबाला अडकत नाही. त्याच्यापुढे कुठला खरा गेम टिकणार? शेजारच्या घरातून हुमणाचा वास येत असताना तू डब्यातली कालची भाजी उघडून बसलायस आणि वर म्हणतोस भाजीला चव नाही.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. या वर्षात जे संपतं ते खेळ. वर्षभर पुरणारं काही शोधू नकोस, एका वीकेंडला नाहीतर दोन-तीन आठवड्यांत संपणारं घे, संपव, डिस्क पुढे वीक किंवा कुणाशी बदलून घे आणि दुसरं लाव. ईएमआयवाल्याला हे परवडतं पण. आणि एखादी गोष्ट शेवटपर्यंत नेली की डोक्यातला तो ट्रेलर जरा मागे सरकतो.

आधी तारखेचं बोलून टाकू, कारण तुझा अर्धा वैताग तिथलाच आहे. पहिला ट्रेलर आला डिसेंबर २०२३ मध्ये, तेव्हा नुसतं २०२५ म्हणाले होते. मग २ मे २०२५ ला सांगितलं २६ मे २०२६, चार दिवसांनी दुसरा ट्रेलर देऊन लोकांचं तोंड गोड केलं, आणि ६ नोव्हेंबर २०२५ ला परत पुढे, १९ नोव्हेंबर २०२६. तुला वाटतं हे तुझ्यावरच अन्याय करतायत. पण जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारवाल्यांचं जुनं रेकॉर्ड बघ ना. जीटीए फोर २००७ च्या ऑक्टोबरला येणार होता, आला एप्रिल २००८ ला. फाइव्ह २०१३ च्या उन्हाळ्याआधी म्हणाले, आला १७ सप्टेंबरला. त्यांचाच रेड डेड टू तर २०१७ मधून २०१८ मध्ये आणि तिथून परत ऑक्टोबरपर्यंत ढकलला. तिन्ही वेळा लोक असेच चिडले होते आणि तिन्ही वेळा गेम हातात आल्यावर गप्प बसले. आता म्हणून उशीर झाला की गेम चांगलाच होतो असं नाही हां, ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर १९९७ ला जाहीर झाला आणि २०११ ला आला तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला. सायबरपंक २०७७ एकाच वर्षात तीनदा पुढे गेला, तरी डिसेंबर २०२० ला इतका मोडका आला की सोनीने आठवडाभरात आपल्या स्टोअरवरून काढून टाकला, सहा महिन्यांनी परत घेतला. आणि उलट बाजूला सिल्कसाँग, २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर, मग वर्षानुवर्षं मौनव्रत, आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला तेव्हा लोक एवढे तुटून पडले की स्टीमसकट गेम विकणारी ऑनलाइन स्टोअर्सच बसली. म्हणजे उशिरावरून काहीच कळत नाही. तू ट्रेलरमधली नंबरप्लेट झूम करून पण काही कळणार नाही. पुढचा ट्रेलर कधी येणार ते चंद्राच्या कलांवरून काढणारे लोक होते रे इंटरनेटवर, खरंच, आपल्याकडे एवढ्या पंचांगात तर मुहूर्त निघतो.

तर काय खेळू.

सगळ्यात आधी एक अपवाद. संपणारं खेळ म्हणाले तरी एक लांबलचक गेम तुला सांगणारच आहे, रेड डेड रिडेम्पशन टू. तू फाइव्ह तीनदा संपवलास म्हणतोस आणि याचं नाव पत्रात कुठेच नाही, म्हणजे एकतर खेळला नाहीस किंवा बर्फातच सोडून दिलास. बरेच जण तिथेच सोडतात. सुरुवातीचे दोन-तीन तास नुसता बर्फ, घोडे हळूहळू चालतायत, लोक बोलतायत, आपण म्हणतो गोळ्या कधी मारायच्या. तेवढं सोस. १८९९ साल, एक टोळी जिचे दिवस भरत आलेत, आणि आर्थर मॉर्गन नावाचा माणूस ज्याला ते बाकीच्यांच्या आधी कळायला लागतं. पुढचं सांगत नाही. हा खेळ मी तुला यासाठी सांगते की त्याच कंपनीचा हा शेवटचा मोठा नवा गेम आहे, २०१८ चा, म्हणजे सिक्समधली माणसं रस्त्यावर कशी वागतील, दुकानदार कसा बोलेल, त्याचा अंदाज तुला फाइव्हपेक्षा इथून जास्त येईल. यात दाढी वाढते, बंदूक साफ करावी लागते, घोड्याला खायला घालावं लागतं, वाटेत भेटलेल्याशी नमस्कार करायचा की भांडायचं ते आपल्या हातात. गडबड्या माणसाला हे छळ वाटतं. पण पावसात, जुलैमध्ये, रविवारी बाहेर धो धो चालू आहे आणि कुठे जाता येत नाही, तेव्हा याच्यासारखा गेम नाही. तेव्हाच लाव. आत्ता नको.

आणि एक प्रॅक्टिकल गोष्ट, सेकंडहँड घेताना डिस्क दोन आहेत का बघ. पीएस४ च्या बॉक्समध्ये एक डेटाची आणि एक खेळायची अशा दोन डिस्क येतात, विकणारे कधी कधी एकच हातात ठेवतात आणि मग तू बसतोस फोन करत. ही पीएस४ ची डिस्क पीएस५ वर आरामात चालते, सेकंदाला तीस फ्रेम्सवर चालते पण दिसते अजून झकास. जागा शंभर जीबीच्या वर घेईल. आणि पावसाळ्यात इन्स्टॉल करताना लाईटीचं बघ, तुमच्याकडे डिचोलीत काय नि आमच्याकडे काय, एक वीज चमकली की लाईट गेली. छोटा यूपीएस घे. टीव्ही आणि पीएस५ नीट बंद करण्याएवढी पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

आता ते संपणारे.

तुला शहर पाहिजे, गाडी पाहिजे, गुन्हेगारी पाहिजे ना, तर स्लीपिंग डॉग्ज घे, डेफिनिटिव्ह एडिशन, पीएस४ ची. हाँगकाँग, वेई शेन नावाचा पोलीस टोळीत घुसलेला, आणि त्याचं त्यालाच कळेनासं होतं की आपण नक्की कुणाकडचे. २०१२ चा गेम आहे, जीटीएची कॉपी म्हणून लोकांनी तेव्हा बाजूला टाकला, पण यात बंदूक कमी आणि हाणामारी जास्त आहे, हाताने, लाथेने, दरवाजावर आपटून, माशाच्या बाजारात. आणि तुला पहिल्या पाच मिनिटांत एक मजा कळेल, हाँगकाँगात गाड्या डावीकडून जातात, आपल्यासारख्या! इतकी वर्षं जीटीएमध्ये उलट्या बाजूने गाडी हाकून हाकून हात तसेच झालेत, आता आपल्याच बाजूला आल्यावर तू समोरच्याला ठोकणार. रस्त्यावरचं खाल्लं की अंगात ताकद येते असं पण आहे त्यात, हे मला फार पटतं. ज्यांनी बनवला ती कंपनी २०१६ ला बंद पडली, दुसरा भाग नाहीच. म्हणून पण खेळ.

मग याकुझा झिरो. हा जरा विचित्र आहे, सांभाळून ऐक. १९८८ चं जपान, दोन हिरो, एक टोकियोत एक ओसाकात, आणि मॅप बघितलास तर हसशील, या टोकापासून त्या टोकाला चालत काही मिनिटांत. गाडी चालवायचीच नाही. पण त्या एवढ्याशा गल्ल्यांत जेवढं भरलंय तेवढं मोठमोठ्या मॅपवाल्यांना जमलेलं नाही. मेन स्टोरीत खून, जमिनीचे व्यवहार, माणसं रडतायत, आणि कोपऱ्यावर वळलास की तोच गंभीर चेहऱ्याचा गुंड शाळेतल्या पोरांबरोबर खेळण्यातल्या गाड्यांची रेस लावतोय किंवा कॅराओकेत गातोय. मोठा मॅप म्हणजे मोठा गेम हे जे तुझ्या डोक्यात बसलंय ना, ते हा गेम काढून टाकेल, आणि मला विचारशील तर सिक्स यायच्या आधी ते निघालेलं बरं. जुन्या पीएस४ वाल्यात बोलणं जपानीत, खाली इंग्लिश सबटायटल, वाचायचा कंटाळा असेल तर सोड. सीन लांब असतात, चहा घेऊन बस.

माफिया, पहिला, २०२० ला नव्याने बनवलेला. १९३० च्या आसपासचं अमेरिकन शहर, टॅक्सी ड्रायव्हर टोळीत जातो. शहर उघडं दिसतं पण गेम तुला हाताला धरून सरळ शेवटपर्यंत नेतो, एक-दोन वीकेंडचं काम. एक रेसचं मिशन आहे, क्लासिक डिफिकल्टी लावलीस तर शिव्या देशील, लावू नकोस. आवडला तर ओल्ड कंट्री पण आहे, ऑगस्ट २०२५ चा, सिसिलीत, पण तो नवीन आहे म्हणजे अजून महाग, वर्ष आहे हातात, किंमत उतरू दे. हे गेम ज्या टूके कंपनीचे तिची आणि रॉकस्टारची मालक कंपनी एकच, टेक-टू. म्हणजे पैसे गेले तरी घरातल्या घरातच.

जुना जीटीए व्हाइस सिटी विचारलं नाहीस तू, पण सांगते, कारण सिक्समध्ये तेच शहर येतंय परत, लिओनिडा राज्यातलं. स्टोरी जोडलेली नाही, त्यातला हिरो टॉमी व्हर्सेटी आणि १९८६ साल हे सगळं वेगळं. पण तू २४ चा म्हणजे तुझा मोठा चुलतभाऊ असेल ना कुणीतरी, सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून खेळलेला, त्याला एकदा विचार त्या रिमोटच्या हेलिकॉप्टरच्या मिशनबद्दल, बिल्डिंगमध्ये चार बॉम्ब ठेवायचे असतात ते. चेहरा बघ त्याचा. अख्ख्या एका पिढीने ते मिशन सोडून देऊन पॅन्झर हा चीट कोड टाइप करून रणगाडा मागवला आणि गावभर फिरली. पीएस५ वर जी नवी डेफिनिटिव्ह एडिशन मिळते ती २०२१ ला आली तेव्हा वाईट अवस्थेत होती, तिच्यातला पाऊस बघून आम्ही गोवेकर तर हसूनच मेलो, पांढऱ्या रेघा नुसत्या. नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटने बरीच सुधारली. तरी पूर्ण किंमत देऊ नकोस, सेलला घे.

जीटीए फोर खेळायचा असला तर तुझ्या पीएस५ चा उपयोग नाही, तो पीएस३, एक्सबॉक्स ३६० आणि पीसीचा गेम. मित्राच्या पीसीवर मिळाला तर नक्की बघ, त्यातली गाडी वळवायला शिकायलाच आठवडा जातो.

ऑनलाइन नको. जीटीए ऑनलाइन १ ऑक्टोबर २०१३ पासून चालू आहे आणि संपायचं नाव नाही, तो बनवलाच तसा. खोटे पैसे कमवायला तू खरे पैसे घालशील, शार्क कार्डवर, आणि पुढच्या महिन्याचा ईएमआय आईकडे मागशील. ईएमआय फिटेपर्यंत तरी त्या दुकानाकडे फिरकू नकोस.

मध्ये मध्ये अगदी छोटे पण घाल. अ शॉर्ट हाइक नावाचा एक आहे, क्लेअर नावाचं एक पाखरू, फोनला रेंज नाही म्हणून डोंगर चढतं. झालं. एवढीच गोष्ट. सत्तरी तालुक्यातल्या कुणालाही ही समजावून सांगायची गरज नाही. एका संध्याकाळी संपतो, आणि इतका प्रसन्न आहे की संपल्यावर परत थोडा वेळ नुसता उडत बसशील. आणि राजी, आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्सनी बनवलेला, २०२० चा. मारामारी जरा अवघडल्यासारखी आहे, शेवट पण घाईत आटोपलाय असं माझं मत, पण राजस्थानी महाल, दुर्गा आणि विष्णूच्या कथा, भावाला शोधणारी सर्कशीतली पोरगी, असं कन्सोलवर आपल्या मातीतलं कितीसं असतं. चार-पाच तासांचा आहे.

आता बहिणीचं. तिला टीव्ही मोकळा करून दे असं मी म्हणणार नाही, तिला कंट्रोलर दे. इट टेक्स टू घे, २०२१ चा, त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर झालेला. एकट्याने खेळताच येत नाही, दोघं लागतातच, टीव्ही मधोमध वाटला जातो. घटस्फोटाच्या दारात उभं असलेलं जोडपं बाहुल्या होऊन बसतं आणि मग दोघांना एकत्र उड्या मारत घरी परतायचं, एकाकडे खिळे तर दुसरीकडे हातोडा, दोघंही एकदम पडलात की परत मागे. भांडणं होणार. नाताळच्या सुट्टीत लावा, तिला पण सुट्टी असेल. तिने कधी गेम खेळला नसला तर पहिला तास शांत राहा आणि तिच्या हातातून कंट्रोलर ओढून घेऊ नकोस, कृपा करून, मी हे घरोघरी बघते. तिला आवडलं तर त्याच लोकांचा स्प्लिट फिक्शन आहे, मार्च २०२५ चा. दुसरा कंट्रोलर लागेल, पीएस५ बरोबर एकच येतो, तेवढा खर्च मात्र आहे. कुणाकडून मागून आण. डिचोलीत काय, सगळे ओळखीचेच.

क्रम असा काही पाळायलाच पाहिजे असं नाही पण मी तुझ्या जागी असते तर नाताळला बहिणीबरोबर इट टेक्स टू, मग शिगम्यापर्यंत स्लीपिंग डॉग्ज नि माफिया, मे महिन्याच्या उकाड्यात याकुझा कारण रात्रीचंच खेळवतं, पावसात रेड डेड, आणि चवथीला पीएस५ ला हातच लावायचा नाही. घरात गणपती, माटोळी बांधायची, आरत्या, तुला टीव्हीसमोर बसलेलं बघितलं तर आई तो पीएस५ गणपतीबरोबरच पोचवेल. चवथीनंतर व्हाइस सिटी पाहिजे तर. आणि ऑक्टोबरपासून दिवाळीपर्यंत रिकामं ठेव. काही म्हणजे काही खेळू नकोस, दिवाळीचा नरकासुराचा पुतळा करायला जा वाड्यावर, रात्री जागव. हात जरा शिवशिवले पाहिजेत. लोक रिलीजच्या आदल्या रात्रीपर्यंत काहीतरी खेळत असतात आणि मग नवीन गेमच्या दुसऱ्याच तासाला जांभया. आणि पीएस५ मधली जागा तेव्हाच साफ कर, पहिल्या मॉडेलला ८२५ जीबी म्हणतात पण वापरायला त्यातले साधारण ६६७च मिळतात, त्यात तू दहा गेम कोंबून ठेवलेस तर रिलीजच्या रात्री डिलीट करत बसशील.

ट्रेलरचं, बघू नकोस असं म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, म्हणून हे दोन बघितलेस ते बघितलेस, पुढचे येतील ते एकेकदा बघ आणि थिअरीवाल्या चॅनलांना अनसबस्क्राइब कर. सिक्समधले हिरो-हिरॉईन जेसन आणि लुसिया शेवटी काय करतात हे तुला आधीच कुणीतरी सांगून ठेवलं तर एवढं वर्षभर थांबून तू काय मिळवलंस?

राहिली रजा. १९ नोव्हेंबर २०२६ ला गुरुवार आहे. गुरुवार-शुक्रवार दोन रजा टाकल्यास की शनि-रवि धरून चार दिवस सलग, पण तुमच्या कंपनीत शनिवारी चालू असतं का ते तू बघ. तारीख परत हलू शकते, म्हणून अर्ज आत्ता देऊ नकोस, ऑक्टोबरमध्ये दे. आणि चवथीची रजा मागशील त्याच कागदावर ही लिहू नकोस, साहेब दोन्ही एकदम बघून त्यातली एक नक्की कापणार, आणि कुठली ते तुला माहीत आहे.